सव्वादोनची बांगडी

मंडळी, आज दुपारी इंदापुरातल्या माझ्या बांगड्यांच्या दुकानात घडलेलं सांगतो.

बावड्याच्या आक्का सात महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन आल्या. उद्या डोहाळजेवण, हिरवा चुडा भरायचा. पंधरा दिवसांपूर्वी दिराच्या लग्नाला याच हातात मी सव्वादोनच्या मापाची बांगडी भरली होती. आज अडीचचीही चढेना.

"तात्या, दिवसांत सूज येतीच की! माझे तर पाय खांबागत झालेले," आक्का हसल्या.

पायांचं ठीक. पण हातांना आणि तोंडालाही सूज, एवढ्यात? तोवर पोर हळूच पुटपुटली, "कालपासनं डोकं लई दुखतंय. डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात."

"आक्का, चुडा राहू द्या. आधी दवाखाना गाठा, बीपी बघा."

"तुमी डॉक्टर हाय व्हय?"

"न्हाय. पर हे मनगट माझ्या वळखीचं हाय."

रागावल्या, पण गेल्या. संध्याकाळी फोन आला. बीपी फार वाढलेलं, पोरीला ॲडमिट केलंय. वेळेत आणलंत, म्हणाले डॉक्टर. बाळही ठीक आहे.

तुमच्या घरातही 'दिवसांत असं होतंच' म्हणून कुणाचं दुखणं हसण्यावारी गेलंय का? एकदा विचारून बघा.

फोन ठेवताना आक्का रडत म्हणाल्या, "तात्या, चुडा सव्वादोनचाच ठिवा. सूज उतरंल."

बाजूला काढून ठेवलाय.