कार्डावरचा चेहरा, खाटेवरचा चेहरा

नवा पेशंट खाटेवर टेकला, की नंदा सिस्टर एका हाताने त्याची नाडी धरते आणि दुसरा हात नातेवाइकांपुढे पसरते.

"आधार कार्ड द्या. झेरॉक्स नको, मूळ."

नातेवाइकांना वाटतं, कुठल्या योजनेचे कागद करायचे असतील. ते लगबगीने पाकिटं उपसतात. ही बाई कार्ड घेऊन पेशंटच्या गालाशेजारी धरते. एकदा कार्डाकडे बघते, एकदा माणसाकडे. मग कार्ड परत देऊन कामाला लागते.

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला लागून असलेल्या पन्नास खाटांच्या हॉस्पिटलात ती बावीस वर्षं आहे. बाप गेनबा मार्केट यार्डात पोती वाहायचा, आई कांदा निवडायची. बारावीनंतर नर्सिंग केलं तेव्हा भावकीत लोक म्हणाले, लोकांची घाण काढायला शिकली. आता त्याच भावकीतल्या प्रत्येक घरात साखर आहे, थायरॉइड आहे, आणि प्रत्येकाला सकाळी सहाला नंदाचाच नंबर आठवतो. असो.

कार्डाचा हा नाद तिला लागला तो रंगरावांमुळे. दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. साखरेसाठी भरती झालेला धिप्पाड माणूस. चार वर्षांत तीनदा चपलेचा नंबर वाढलेला, बोटातली अंगठी कापून काढलेली. घरचे म्हणायचे, बाबांचं हाडच दणकट! एके दिवशी परदेशातून मुलगी आली, वॉर्डाच्या दारात थबकली आणि किंचाळली, "हे कोण आहेत? माझे बाबा कुठायत?" हनुवटी पुढे आलेली, नाक रुंदावलेलं, कपाळाचं हाड वर आलेलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली होती आणि ती त्या माणसाला पन्नाशीत वाढवत सुटली होती. रोज ताटाला ताट लावून जेवणाऱ्यांना ते दिसलं नव्हतं. रोज तापमान घेणाऱ्या नंदालाही नाही. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही. चेहरा रोज केसभर बदलत असेल तर जवळच्या माणसाला तो कधीच दिसणार नाही, कागदाला दिसेल, हे तिने स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि कुणी तिला त्याबद्दल शालही पांघरली नाही.

वॉर्डचे डॉक्टर केदार. वयाने तरुण, बोलणं अस्सल पेठेतलं. ते म्हणायचे, "नंदाताई, माझं आधार कार्ड बघाल तर मलाच ॲडमिट करून घ्याल. त्या फोटोत कोणीच स्वतःसारखं नसतं."

"तुमचा फोटो बरा आलाय, सर. प्रत्यक्षात बिघडलाय."

तर त्या मंगळवारी सकाळी दहाला मथुराबाईंना आणलं. धानोरीकडचं जुनं शेतकरी घर. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी बाईंच्या तोंडी गावचीच भाषा. सोबत मुलगा बजरंग आणि सून तनुजा. तीन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, उभं राहिलं की चक्कर. बीपी वरचं चौऱ्याऐंशी. साखर बावन्न.

केदार डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. "पोट बिघडलंय, खाल्लेलं नाही आणि डायबेटिसची गोळी मात्र चालू. साखर पडणारच." ग्लुकोज दिलं, सलाइनची बाटली जोरात सोडली. निदान चुकीचं म्हणण्यासारखं नव्हतं. दहातल्या नऊ पेशंटला ते लागू पडलं असतं.

नंदाने कार्ड मागितलं. कार्डावरची मथुराबाई गालफडं बसलेली, उन्हात रापलेली, मान उंच. खाटेवरची मथुराबाई पुरणपोळीसारखी गोल. दोन्ही गालांवर लाली.

"चेहरा कधीपासून भरलाय?"

"दोन-तीन वर्षं झाली की," बजरंग अभिमानाने म्हणाला. "सुनेच्या हातचं मानवलं आईला."

नंदाने पांघरूण बाजूला केलं. सुनेच्या हातचं फक्त तोंडाला आणि पोटालाच मानवलं होतं. मनगटं काडीसारखी. मानेमागे उशीसारखा मांसाचा उंचवटा. हातावर जागोजाग जांभळे डाग. सलाइनची चिकटपट्टी जरा सरकवायला गेली, तर पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा निघून आला, कांद्याच्या सालीसारखा पातळ.

दुसरी बाटली संपत आली. बीपी शहात्तर. साखर पुन्हा अठ्ठावन्नवर. एवढं पाणी शरीरात ओतलंय आणि शरीर ते धरतच नाहीये, भोकाच्या बादलीसारखं. मथुराबाईंना हाक मारली तर डोळे अर्धे उघडत, पुन्हा मिटत. केदार फोनवर मोठ्या हॉस्पिटलात खाट मिळते का बघत होते. रस्त्याची गर्दी धरून पोहोचायला तासभर तरी. तो तासच या बाईकडे होता की नाही, हे नंदाला सांगता आलं नसतं.

"गुडघ्यांसाठी काही औषध चालू आहे का? पुडी, काढा, चूर्ण? कुणी काही दिलेलं?"

"नाही," तनुजा म्हणाली. झटकन. फार झटकन.

"होती की पुडी," बजरंग म्हणाला. "गुरुवारी आळंदी रस्त्याला टेबल टाकून बसतो त्याची. शंभर टक्के झाडपाला. आईचे गुडघे पार बसले होते, पुडीवर पळायला लागली. मीच आणून देतो. चालूच आहे. कालसुद्धा खाल्लीय तिने."

नंदा गोंधळली. तिला कुठला संशय होता ते सांगायला हवं. असल्या पुड्यांत झाडपाला नावाला असतो आणि स्टिरॉइड पोटभर असतं. म्हणून तर गुडघे पळतात. म्हणून चेहरा चंद्रासारखा होतो, साखर चढते, कातडी पातळ होते. पण माणूस आडवा पडतो तो पुडी एकदम बंद झाल्यावर. इथे तर मुलगा सांगतोय, काल खाल्ली. मग हे आडवं पडणं कशाचं?

तिने तनुजाकडे पाहिलं. तनुजा सलाइनचे थेंब मोजत असल्यासारखी वर बघत होती.

"बजरंगराव, ही रक्ताची नळी खाली लॅबमध्ये स्वतः नेऊन द्या. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका." तो जिन्याकडे वळला तशी नंदा पडदा ओढून तनुजाजवळ गेली. आवाज चढवला नाही. "पोरी, मी पोलीस नाही आणि तुझी नणंदही नाही. पुडीचं काय केलंस?"

तनुजाचा चेहरा आधी तापला. "काय केलं म्हणजे? चांगलंच केलं! त्या पुड्यांत काय असतं ते मी मोबाईलवर पाहिलंय. ह्यांना दहादा सांगितलं, ह्यांनी दहादा माझंच तोंड बंद केलं. मग सगळ्या पुड्या संडासात ओतल्या. आणि त्याच कागदांत कॅल्शियमच्या गोळ्या कुटून भरल्या. आईंना कळलंसुद्धा नाही!"

"किती दिवस झाले?"

"नऊ." आणि मग सिस्टरचा चेहरा बघून तिचा आवाज एकदम उतरला. "का? विषच होतं ना ते?"

"होतं. पण शरीर त्याच विषावर उभं होतं."

नंदा धावली. बावीस वर्षांत ती वॉर्डात धावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. केदारांच्या कानाशी फोन होता. तिने तीन वाक्यांत सांगितलं. केदारांनी फोन ठेवला. त्यांच्या मोठेपणाची गोष्ट अशी, की त्यांनी चौथं वाक्य मागितलं नाही.

"हायड्रोकॉर्टिसोन शंभर, शिरेतून, आत्ता. आधी कॉर्टिसॉलसाठी रक्त—"

"काढून ठेवलंय, सर."

केदारांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. "तुम्ही मला पगारावर ठेवा, नंदाताई."

आता जरा थांबून ऐका, कारण हे दर वेळी बघूनही नंदाचे हात जोडले जावेत असंच आहे. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी. दोन्ही मिळून वजन दहा ग्रॅमच्या आसपास. त्या दिवसभरात कॉर्टिसॉल नावाचं जे रसायन गाळतात, ते सगळं तराजूत टाकलं तर मोहरीचे चार-पाच दाणे भरतील. तेवढ्यावर माणूस सकाळी उठतो, ताप सोसतो, भांडतो, उपास करतो. बाहेरून वर्षानुवर्षं फुकट माल येत राहिला की या ग्रंथी गिरणी बंद करून झोपतात. माल एका दिवसात थांबला तरी त्या एका दिवसात उठत नाहीत. त्यांना जाग यायला महिने लागतात. मधल्या काळात साधी उलटीसुद्धा त्या माणसाला पेलत नाही. रक्त शिरांत असूनही वाहायला जोर उरत नाही आणि साखर तळाला जाते.

आणि ज्याला हे ठाऊक आहे तो झाडपाल्याचं नाव सांगून, रस्त्यावर टेबल टाकून, म्हाताऱ्यांना पुड्या विकतो! त्याचं काय करायचं ते पुढे बघू. आधी खाट.

ग्रंथींनी गाळायचं तेच रसायन इंजेक्शनमधून आत गेलं. नंदा स्टूल ओढून बसली. दर दहा मिनिटांनी बीपी. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. तनुजा भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. बजरंग परत आला, बायकोला तसं बसलेलं पाहून तिच्याशेजारी टेकला. शहाऐंशी. पाऊण तासाने नंदाला मथुराबाईंच्या बोटांची टोकं कोमट लागली. तिने ती हातात धरून ठेवली, सोडवेनात. सव्वा तासाने ब्याण्णव. दोन तासांनी एकशे चार, साखर एकशे तीस. मातीच्या मूर्तीत कुणी आतून दिवा लावावा तसा त्या बाईत जीव चढत होता आणि नंदा तो आकड्यांनी मोजत होती. हे काम करून पगार मिळतो, याचं तिला अशा वेळी हसू येतं.

मथुराबाईंनी डोळे उघडले. वॉर्ड न्याहाळला. मग सिस्टरला म्हणाल्या, "चा हाय का?"

केदारांनी परवानगी दिली. अर्धा कप चहा पोटात टिकला. तेव्हा तनुजा उठली, खाटेजवळ आली आणि नवऱ्यासमोर, सासूसमोर सगळं सांगून मोकळी झाली.

बजरंग तडकला. "तू आईला—"

"तू गप बस," मथुराबाई म्हणाल्या. "पुडी आनली कुनी? तूच ना?" मग सुनेकडे वळून, "आन् तू गं? नऊ दिस मला खडू चारलास व्हय? मी म्हनतेच, पुडी कडू का लागंना!"

हसावं की रडावं हे तनुजाला कळेना. नंदाला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोक्यात एक प्रश्न उभा राहिला होता.

"तनुजा, ही कॅल्शियमची युक्ती आणखी कुणाला सांगितलीस?"

तनुजाने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "बचत गटाच्या ग्रुपवर टाकली. बत्तीस जणी आहेत. सगळ्यांनी अंगठे दाखवले. चार-पाच जणी म्हणाल्या, आम्हीपण करतो."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

बजरंग उसळून उभा राहिला. "मी आधी त्या पुडीवाल्याचं टेबल मोडून येतो."

"मोडा ना," नंदा म्हणाली. आता तिचाही पारा चढला होता. "आज टेबल मोडा. उद्या सगळ्या गावाच्या पुड्या एकदम बंद होतील आणि परवा माझ्याकडे खाटा पुरणार नाहीत. त्याची तक्रार करायची, मी स्वतः सही करीन. पण आधी त्याच्या पुड्या खाणारी माणसं हॉस्पिटलात, मग तो. क्रम चुकवायचा नाही. तनुजा, मोबाईल काढ."

तनुजाने लिहिलं. नंदाने वाचलं. 'पुडी बदलल्यामुळे काही जणींना थोडा त्रास होऊ शकतो, तरी काळजी घ्यावी.'

"हे वाचून कुणी चुलीवरची कढईसुद्धा उतरवणार नाही. कुणामुळे, काय झालं, ते लिही."

तनुजा गटाची अध्यक्ष होती. त्या ग्रुपवर तिच्या शब्दाला वजन होतं, कारण ती कधी चुकत नसे. तिने स्क्रीनकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं: 'माझी चूक झाली. मी पुडीत कॅल्शियम भरून दिलं आणि आमच्या आई आज मरता मरता वाचल्या. ज्यांनी माझं ऐकून तसं केलंय त्यांनी सासूबाईंना आजच घेऊन या. उलटी किंवा चक्कर असेल तर या क्षणी निघा. ज्यांची पुडी चालू आहे त्यांनी मनाने बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा.' खाली हॉस्पिटलचा पत्ता.

पाठवलं. पहिलं उत्तर आलं, 'अगंबाई!' दुसरं आलं, 'आमच्या ठीक आहेत, घेऊन येते.' मथुराबाई पडल्या पडल्या नावं सांगत होत्या. कुणाचे गुडघे अचानक बरे झाले, कोण काठी टाकून देवळात जायला लागली, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तनुजा एकेका घरी फोन लावत होती. केदारांनी संध्याकाळची ओपीडी मोकळी करायला सांगितली.

"चंद्रभागा," मथुराबाई एकदम म्हणाल्या. "मागल्या आळीतली. ती दोन दिस वट्ट्यावर दिसली न्हाई."

तिच्या सुनेने फोन उचलला. हो, दोन दिवस झोपूनच आहेत. काही खात नाहीत, ओकतात. वय झालंय, म्हणून आम्ही काही...

"रिक्षात घाल," तनुजा ओरडली. "आत्ता!"

रिक्षा आली तेव्हा नंदा व्हीलचेअर घेऊन उतारावर उभीच होती. चंद्रभागाबाईंची मान सुनेच्या खांद्यावर कलंडलेली, चेहरा गोल, ओठ कोरडे. तनुजा रिक्षा थांबायच्या आत तिच्या दांडीला लटकली.

"तू त्यांना काय दिलंस ते सिस्टरना खरं सांग. घाबरू नकोस, मीच सांगितलं होतं तुला."

त्या पोरीने तनुजाकडे बघितलं, नंदाकडे बघितलं. "कॅल्शियम," ती म्हणाली.

तोवर नंदाने चंद्रभागाबाईंना खुर्चीत घेतलं होतं आणि खुर्ची वॉर्डाकडे वळवली होती.