मामांचा हातगुण

"आदी खाली बसा, सायेब."

मामा उभ्या माणसाशी झाडाविषयी बोलत नसत. स्वतः उकिडवे बसायचे, मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरायचे, नाकाशी न्यायचे आणि मग तोच हात सरळ समोरच्याच्या नाकाखाली धरायचे. त्याची आंघोळ झाली आहे का, ऑफिसचा पांढरा शर्ट अंगात आहे का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे.

या माणसाचं मी वाईट केलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरीच कुरकुर करणार आहे आणि ती वाचताना कुणी माझ्या बाजूला झुकू नये. माझी चूक मी त्यांच्या हातावर ढकलली. चार माणसांदेखत ढकलली, आणि खरं कळल्यावरही कित्येक महिने गप्प बसलो.

हातावर म्हणतो ते उगाच नाही. आमच्याकडे हातगुण मानतात. एखाद्याने लावलेलं रोप जगतंच, अशी त्याच्या हाताची ख्याती असते. नवं घर झालं की अंगणातलं पहिलं झाड अशाच माणसाकडून लावून घेतात. तुमच्या गल्लीतही असा कुणीतरी असेल. कारंजा गावात आमच्या लेआउटमध्ये तो मान मामांचा होता. सरकारी रोपवाटिकेत मजूर म्हणून त्यांनी उभं आयुष्य पिशव्या भरण्यात आणि रोपं जगवण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत. आता ते इथे नसतात. लेकीने त्यांना आणि मामींना आपल्या गावी, किन्हीराजाला नेलं आहे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या ब्लडप्रेशरमुळे. मी पंचायत समितीत कारकून. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, "रोज अर्धा तास झाडाझुडपात शांत बसत जा. झोपही सुधारेल." मी मोबाइलवर बागांचे व्हिडिओ पाहायला लागलो. कुणी झोक्यात पडलेलं, बाजूला पाणी झुळझुळतंय, खाली गालिच्यासारखी हिरवळ. आमच्या घरामागे पंधरा बाय वीस फुटांची जागा होती. तिथे तेव्हा मोडकी खाट, कूलरचा स्टँड आणि उरलेल्या विटा पडलेल्या असत. मी पट्टी घेऊन कागदावर नकाशा काढला. हिरवळ, वेलीची कमान, झोका, एका कोपऱ्यात छोटासा धबधबा आणि बसायला फरशीचा ओटा. सगळं मापात.

बाग लावून द्यायला मी मामांना बोलावलं. त्यांनी तो कागद पाहिला, त्याची घडी घातली आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवला. पुन्हा तो मला दिसला नाही.

"नळ कितव्या दिशी येते तुमच्याकडं?"

"पाचव्या, नाहीतर सहाव्या."

"अन् धबधबा रोज?"

मी डोकं खाजवलं.

"न्हानीचं पानी कुठं जाते?"

"नालीत."

"बाप्पा!" मामा म्हणाले, आणि माझ्या विसाव्याच्या बागेचं पहिलं काम म्हणून न्हाणीघरापासून चर खणायला लागले. दोन दिवस घरात फावड्याचा आवाज. माझी बायको दारात उभी राहून हसत होती. नाली बुजली, अंगणाला उतार आला, आणि आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं सगळं पाणी मागे वळलं.

हिरवळीचं नाव काढलं तर ते खो खो हसले. "आमच्या बाया जलमभर गवत निंदते, अन् तुमी पानी देऊन गवत वाढवता? कोनाले सांगू नका, हासतीन लोकं."

शेवटी लागलं काय, तर लिंबू, कढीपत्ता, मोगरा, जास्वंद आणि भिंतीवर दोडक्याचा वेल. झोका टांगायच्या जागी दोडके लोंबकळू लागले.

मामा पहाटे साडेपाचला फाटकाची कडी वाजवायचे. रविवारीसुद्धा. "उठले काय सायेब?" नसलो उठलो तरी उठावंच लागे, कारण उत्तर मिळेपर्यंत कडी थांबत नसे. मी खुर्ची टाकून डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला बसलो, की ते शेजारी उकिडवे बसून माझ्याकडे काळजीने पाहत.

"दमा हाय काय तुमाले?"

"प्राणायाम करून राह्यलो, मामा."

"मंग खुरपं घ्या ना. दम आपोआप लागते."

खुर्चीचंही तेच. मी चहा आणायला घरात गेलो की परत येईपर्यंत खुर्ची दुसरीकडे सरकलेली. "सावली सरकली," एवढंच स्पष्टीकरण. मी पेपर वाचत असलो तर मला उठवून खुर्ची सरकवायचे. आणि मी जी जागा एकांतासाठी केली, तिथे गल्लीतल्या बायका कढीपत्त्यासाठी येऊ लागल्या. मामा फाटकातूनच हाक द्यायचे, "या ना बाप्पा, सायेबाची बाग म्हंजे आपलीच बाग!" मी बनियनवर असायचो.

खरं सांगायचं तर तीन महिन्यांत मला झोप लागायला लागली. रोज सकाळी खुरपं हातात यायचं, तासभर कसा जायचा कळत नसे, आणि ऑफिसात साहेबाने फाइल आपटली तरी छातीत धडधड होईनाशी झाली. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून पाहिलं आणि म्हणाले, "वा! काय केलं?" मी म्हणालो, "प्राणायाम." मामांचं नाव घ्यायला काय हरकत होती? पण घेतलं नाही. माझ्या नकाशातलं काहीच त्यांनी होऊ दिलं नाही, याचा राग होता माझ्या मनात.

म्हणून निदान ओटा तरी माझ्या मनाचा, असं मी ठरवलं. मामांचा त्यालाही विरोध. "फरशी तापते, सायेब. मातीवर बसा." ते आठ दिवस लेकीकडे किन्हीराजाला गेले, तेवढ्यात मी मिस्त्री बोलावून ओटा करून घेतला. गुळगुळीत, पांढरी फरशी. मिस्त्रीने तिच्यावर सिमेंटचे डाग ठेवले. दुकानदार म्हणाला, ॲसिडने निघतील. मी दोन बाटल्या आणल्या, नाकाला रुमाल बांधून फरशी घासली आणि वर सात-आठ बादल्या पाणी ओतलं. ओटा लख्ख झाला.

त्या रविवारी सकाळी मी बाग दाखवायला ऑफिसातल्या तिघांना आणि समोरच्या कंडक्टरला चहाला बोलावलं. कंडक्टर एसटीत होते. आमच्यासमोरच्या प्लॉटवर त्यांचं घर उभं राहत होतं आणि अंगणातलं पहिलं झाड मामांच्याच हातून लावायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

तोवर मोगरा काळा पडला होता. लिंबाखाली पानांचा सडा. कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उभ्या. असं का झालं ते मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. दोन मिनिटं विचार केला असता तर कळलं असतं.

ऑफिसातला एकजण म्हणाला, "काय राजेहो, आराम कराले मसनात बोलावलं काय?" सगळे हसले. माझे कान तापले.

त्याच वेळी मामा आले. सकाळच्या गाडीने परतले होते, थैली अजून खांद्यालाच होती. ती तशीच ठेवून ते लिंबापाशी बसले. माती चुरली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"वास येगळा येऊन राह्यला, सायेब. काई टाकलं काय?"

"मी कायले टाकतो?" मी पाहुण्यांकडे वळलो आणि हसत म्हणालो, "मामाचा हातगुणच गेला आता, राजेहो. हात लावन ते जळून राह्यलं."

तेही हसले. कंडक्टर हसले नाहीत, पण त्यांनी मामांच्या हाताकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. मग तळवा धोतराला पुसला. "असन बाप्पा," एवढंच म्हणाले, थैली उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली नाही. मी सात वाजेपर्यंत झोपलो आणि मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

संध्याकाळी बायकोला ओट्यामागे रिकाम्या बाटल्या सापडल्या. "अहो, याचं पानी कुठं गेलं?"

"नालीत."

"नाली तं मामानं बुजवली ना."

आम्ही दोघं अंगणाच्या उताराकडे पाहत राहिलो. एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून मामांनी तो इतका बेताने काढला होता, की दोन्ही बाटल्या थेट मुळाशी पोचल्या होत्या.

"मामाले सांगून या," ती म्हणाली.

"जातो."

हे 'जातो' आठ महिने चाललं. रोज काहीतरी कारण निघे. आज ऑडिट आहे, उद्या ते घरी नसतील, परवा आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं. मामा रस्त्यात भेटले की पहिल्यासारखेच हात जोडायचे, फक्त आमच्या फाटकाकडे पाहायचे नाहीत. गल्लीत कुणाकडे रोप आलं की ज्याने त्याने आपापलं लावलं. "सायबाकडं तं सारं जळलं म्हंते," हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि पुढे चालत गेलो. माझं ब्लडप्रेशर पुन्हा जिथल्या तिथे आलं. फरशी, मामा म्हणाले होते तशी, सकाळी नऊलाच तापायची. मी तिच्यावर एकदाही बसलो नाही.

मग एका सकाळी शेजारच्या काकूंनी तुळस आणली. त्यांचा हातगुणावर फारसा विश्वास नव्हता, म्हणून गल्ली काही म्हणो, त्यांनी मामांनाच बोलावलं. मी फाटकात उभा होतो. मामांनी खड्डा केला, माती भुसभुशीत केली, शेणखत मिसळलं आणि रोप काकूंच्या हातात दिलं.

"तुमीच लावा, बाई. मी निस्ता खड्डा करून देतो."

"काहून हो मामा?"

"माह्या हाताचं आता काई खरं नाई."

मी समजत होतो की मी मामांचं गल्लीतलं नाव घालवलं. त्यांनी स्वतःच माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्या माणसाने माझा एकही शब्द कधी मानला नाही, त्याने नेमका हाच मानावा!

मी तसाच त्यांच्या मागोमाग गेलो. दारात दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावलेली त्यांची रोपं असायची, तिथे आता नुसती भिंत होती. मामी म्हणाल्या, "काईच लावत नाई आता. बसल्या बसल्या हात पाह्यते निस्ता."

मी सगळं सांगितलं. बाटल्या, फरशी, बादल्या, आणि मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं तेही. मामा ऐकत राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील, किंवा म्हणतील की जाऊ द्या.

"किती बाटल्या?"

"दोन."

"अन् मंग मातीत चुना टाकला? शेनखत?"

"नाही."

मामा ताडकन उठले. "आठ महिने तसीच ठेवली माती? बिना दवाची? अहो सायेब, जनावर असतं तं बोंबललं असतं, मातीले तोंड नाई म्हून..." त्यांनी मला पंधरा मिनिटं झापलं, आणि सगळं मातीवरून. स्वतःविषयी एक शब्द नाही. मी माफी मागायला गेलो होतो आणि चुना किती टाकायचा ते पाठ करत होतो. त्या घडीलासुद्धा हा माणूस मला वैताग देऊ शकत होता.

"मामा, मातीचं राहू द्या. मी तुमाले बोललो, त्याचं काय?"

ते थांबले. खाली बसले. बराच वेळ दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत राहिले.

"मले तं आता पटलं, सायेब. पन मले एकट्याले पटून काय होते? चौघाइत बोलले, चौघाइत सांगा."

कंडक्टरांची वास्तुशांती त्याच आठवड्यात होती. ऑफिसातले ते तिघेही पंगतीला आले होते. अंगणात खड्डा तयार होता, आंब्याचं कलम बाजूला ठेवलेलं होतं, आणि ते कुणी लावायचं यावर कुजबूज चालली होती. मामा मांडवाच्या टोकाला, जेवून हात धुतलेल्या माणसांमध्ये उभे होते. बायकोने मागून माझ्या पाठीला हात लावला. मी खड्ड्यापाशी गेलो. माझा आवाज इतका बारीक निघाला, की कंडक्टरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं.

"माह्या बागेतले झाडं मामाच्या हातानं नाई मेले. फरशी धुतानी मी दोन बाटल्या ॲसिड ओतलं, त्यानं मेले. मले दुसऱ्याच दिशी कळलं व्हतं, अन् मी आठ महिने तुमा कोनाले सांगतलं नाई. मामाच्या हातात काईच खोट नव्हती, खोटा मी व्हतो. मामा, चुकलं माह्यं. मले माफ करा."