ताप आलेला बॉक्सर

काल मुलानं व्यायामशाळेतून येऊन गुडघ्याला मलम चोळलं आणि त्या उग्र वासासरशी मी जालन्याच्या थेटरात, आमच्या पहिलवान मामांच्या शेजारी जाऊन बसलो. साल एकाहत्तर-बाहत्तर असेल. पडद्यावर बॉक्सिंगचा इंग्रजी सिनेमा, आणि मी कॉलेजात शिकत असल्यामुळं भाषांतराचं खातं अर्थातच माझ्याकडं.

पुढच्याच आठवड्यात आष्टीच्या जत्रेत मामा तिथल्या पाटलांच्या पुतण्याकडून मुद्दाम चीत होणार होते. बदल्यात पाटील त्यांना कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेटवर लावून देणार होते. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. सिनेमातला बॉक्सरही तसाच फितवला गेला आणि हलक्या ठोशानं आडवा झाला. मामांना लागायला नको, म्हणून मी म्हणालो, "त्याला ताप आलाय, मामा."

"ताप न्हाई रे. ठरवून पडून राह्यलाय तो. तुला इंग्रजी येतं, मला पडणं कळतं."

जत्रेत मामा जीव तोडून खरी कुस्ती खेळले आणि दोन मिनिटांत खरोखरच चीत झाले. पाटलांनी खूश होऊन नोकरीवर बोलावलं, तर म्हणाले, "मी कुठं पडलो? तुमच्या पुतण्यानं पाडलं मला. मंग नोकरी कशाची?"

तेव्हा मला ते अगदी खुळे वाटले. आता तसं वाटत नाही, पण बोलायची सोय नाही. त्यांनी नाकारलेली जागा मागायला दुसऱ्याच दिवशी मी पाटलांकडं गेलो होतो.