मुलाखतीसाठी राखलेले केस

सोमवारी सकाळी वडील गेले. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सांगलीत माझी मुलाखत होती.

वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी चार वर्षं कंत्राटावर होतो. सांगलीची जागा कायमची होती, ग्रंथपालाची. त्याआधी तीन ठिकाणी मुलाखती देऊन आलो होतो आणि तिन्हीकडून पुढे काही कळलं नव्हतं. वडिलांच्या मते दोष माझ्या अभ्यासात नव्हता, कपड्यांत होता. "दारातनं आत येतानाच माफी मागायला आल्यागत दिसतोस," ते म्हणायचे. शेवटी त्यांनी स्वतःच मला शिंप्याकडे नेलं. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्या. पँट निळी की करडी यावर त्यांचं आणि शिंप्याचं बराच वेळ चाललं. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटलं होतं.

कपडे रविवारी घरी आले. त्यांनी शर्ट उजेडात धरला, काखेतली शिवण ओढून पाहिली. "बसमध्ये घालायचा नाही. हँगरला अडकवून न्यायचा, सांगलीत स्टँडवर बदलायचा." एवढं सांगून ते जेवायला बसले. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आमच्याकडे दहाव्याला मुलगा डोकं आणि मिशी उतरवतो. दहावा बुधवारी आला, मुलाखतीच्या आदल्या दिवशी. माहुलीच्या घाटावर विधी सुरू व्हायच्या आधी मी चुलत्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, मी केस ठेवतो. उद्या मुलाखत आहे."

चुलते गावाकडे शेती करतात, वडिलांच्या पाठचे. "आरं, बाप गेलाय तुझा. केसाचं काय, म्हयन्यात येत्यात परत. नोकरी बघाय चाललाय का पोरगी?"

"डोकं बघून ते विचारतील."

"इचारू द्येत की. बाप गेला म्हनून सांग. त्यात काय चोरी हाय व्हय?"

विचारलं तर मी त्यांच्यासमोर रडेन आणि ही जागाही जाईल, हे मला त्यांना सांगता आलं नाही. न्हावी पायरीवर उकिडवा बसून आमचं ऐकत होता. "ठरवा बाबा काय ते," तो म्हणाला, "अजून दोन दहावं हायती मला."

तेवढ्यात बायकांतून आई उठून आली. "आवं भावजी, ऱ्हाऊ द्या. त्यांनीच हौसेनं कापडं शिवल्यात त्येला. ते असते तर जाच म्हनले असते."

ते असते तर हा प्रश्नच आला नसता. पण तिच्या तोंडाकडे बघून चुलत्यांनी विषय सोडला.

चुलत्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एमआयडीसीत कामाला. "सरका, मी बसतो," असं म्हणून त्याने न्हाव्यापुढे मान खाली घातली. लहानपणी तो झाडावरून पडला होता, तेव्हा वडिलांनी त्याला उचलून टाके घालायला नेलं होतं. त्या टाक्यांची खूण केसांखालून उघडी पडली. मी दोन पायऱ्या वर उभा होतो.

गुरुवारी सकाळच्या बसमध्ये मी हँगर खिडकीच्या गजाला अडकवला. कंडक्टरने तिकीट देताना शर्टाकडे बघून विचारलं, "नवरदेव कुठं हाय?" शेजारचे हसले. मीही हसलो असेन. सांगली स्टँडच्या स्वच्छतागृहात एका पायावर उभा राहून मी पँट बदलली. दाढी घरीच केली होती. आरशात पाहिलं तर मी खरोखर नोकरी मिळेल असा दिसत होतो.

मुलाखतीला पाच जण होते. पुस्तकांच्या वर्गीकरणावर विचारलं, संगणकावर विचारलं. माझी उत्तरं बरी गेली. मग मधल्या खुर्चीतले संस्थेचे वयस्कर अध्यक्ष म्हणाले, "वडील काय करतात?"

"सैन्यात होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले."

"आणि आता?"

अकरावा दिवस होता. खरं सांगितलं असतं तर त्या पाचही जणांची नजर आधी माझ्या डोक्यावर गेली असती.

"आता घरीच असतात," मी म्हणालो.

"तरीच. कपड्यांवरनं शिस्त कळते. सांगा त्यांना, पोरगं चांगलं वाढवलंय म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

मी रडलो नाही. बाहेर आल्यावरही नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. वडिलांच्या पलटणीतले दोघे लांबून आले होते. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. ते दारातून आत आले आणि सरळ चुलतभावाकडे गेले. एकाने त्याचं उघडं डोकं छातीशी धरलं. "साहेब तुझ्याबद्दल लय बोलायचे रे," तो म्हणाला. चुलतभाऊ घाबरून माझ्याकडे बघू लागला. मी ताटं वाढत होतो. मी त्याला मानेनेच खुणावलं, असू दे.

तीन आठवड्यांनी मेलवर नेमणुकीचं पत्र आलं. आईने फोटोपुढे साखर ठेवली आणि मुलाखतीत काय काय विचारलं ते पुन्हा सांगायला लावलं. मी सगळं सांगितलं. एक प्रश्न सोडून.

त्याला आता तीन वर्षं झाली. वर्षश्राद्धाला रजेच्या अर्जावर मी 'घरगुती काम' असं लिहिलं. अध्यक्ष स्नेहसंमेलनाला येतात तेव्हा थांबून विचारतात, "काय, सुभेदारसाहेब बरे आहेत ना?" मी म्हणतो, "बरे आहेत." एकदा त्यांनी वडिलांना कार्यक्रमाला घेऊन या म्हणून सांगितलं. गुडघे दुखतात, प्रवास होत नाही, असं मी म्हणालो. त्यांनी कुठल्याशा तेलाचं नाव लिहून दिलं.

प्रोबेशन संपून नोकरी कायम झाली आहे. आई साताऱ्यात एकटी असते; मी शनिवारी संध्याकाळी जातो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येतो. माझे वडील नाहीत, हे सांगलीत मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.