पडलेला शिपाई

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — सख्ख्या बहिणीजवळही नाही. आणि खरं सांगू? त्या दुपारी माझ्या मनात वाईट असं काही नव्हतं. होतं ते नुसतं कुतूहल. पण नुसतं कुतूहल असं काही असतं का?

चीनच्या लढाईनंतरचा उन्हाळा. मी अकोल्याच्या जुन्या शहरात राहत होते, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. शाडूचे वीतभर शिपाई करायचं मला वेड लागलं होतं. पट्टे, बटणं, बंदुकीचा घोडा — सगळं हुबेहूब. तरी ते पोळ्याच्या मातीच्या बैलांसारखे दिसायचे, रंगवलेले, ताठ. गोळी लागल्यावर माणूस नेमका पडतो कसा? आधी गुडघे वाकतात की मान? हात बंदूक सोडतो की आवळतो? जेवताना, शिकवताना — डोक्यात तेच.

शेजारच्या शांताबाईंचा भाऊ सुदाम त्याच लढाईवरून परतला होता. दर्यापूरकडचा, अबोल. बर्फानं डाव्या पायाची बोटं गेलेली. आमच्या ओसरीवर येऊन बसायचा, माझे शिपाई उलटसुलट करून बघायचा, हसायचा. त्याचा जोडीदार त्याच्या डोळ्यांसमोर गोळी लागून गेला होता. तो कसा पडला, हे एका दुपारी मी त्याला विचारलं — हो, मीच विचारलं.

हातातला शिपाई त्यानं खाली ठेवला. मग म्हणाला, "दाखवतो, बाई. सांगता नाई येत मले."

उठला. दोन पावलं लंगडत गेला, वळला — आणि पडला. मला वाटलं, दाखवतोय. पण तो उठेना. डोळे सताड उघडे, अंग थरथरत होतं. एक हात फरशीवर, बोटं अर्धवट मिटलेली — काहीतरी धरायचं राहून गेल्यासारखी.

"बाई, हात द्या," तो म्हणाला.

आणि मी — इथंच मी दर वेळी अडखळते — मी म्हणाले, "थांबा जरा, सुदामभाऊ. हलू नका."

मी पेन्सिल घेतली. ती बोटं काढली. मनगटाचा कोन काढला. मग त्याला उठवलं.

अमरावतीच्या प्रदर्शनात, त्या चित्रावरून केलेल्या पडलेल्या शिपायाभोवतीची गर्दी हटेना. कसं जमलं, असं लोक विचारत. कल्पनेनं, असं मी सांगत होते. तेवढ्यात गर्दीत सुदाम दिसला. बहिणीला घेऊन मुद्दाम आला होता. वाकून, खूप वेळ बघत राहिला.

"बाई, हा मीच हाय का?"

"नाही हो," मी म्हणाले. "कुणीही असेल."

त्यानं मान हलवली. माझ्या ओसरीवर तो पुन्हा कधी आला नाही.

काही वर्षांनी चांदूर बाजारच्या बसस्टँडवर भेटला. तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार झाला होता. ओळख त्यानंच दिली.

"अजून शिपाई बनवून राहिल्या का तुमी?"

"हो," मी म्हणाले.

बस यायला वेळ होता. आम्ही उन्हाबद्दल बोललो, शांताबाईंच्या तब्येतीबद्दल बोललो. मग बस आली, आणि मी चढले.