पॅरिसची संक्रांत

"साखरपुड्याला काळं? अगं, आज संक्रांत आहे का? व्याही उंबऱ्यावरूनच परततील!" वहिनींच्या ओरडण्याने हॉलचे पंखे उलटे फिरू लागले. त्यांची लेक रेवा पॅरिसहून आली ती काळा झगा घेऊनच, आणि आता तोच घालून शांत उभी होती.

मला वाटलं, पॅरिसात बारा महिने संक्रांतच असावी, फक्त तिळगूळ मिळत नसेल. मिलानात म्हणे कुत्र्याचा पट्टाही मालकाच्या बुटांशी जुळतो. टोकियोतल्या किमोनोच्या एका बाहीत आमचं अख्खं गोत्र मावेल. आणि आमच्या साताऱ्यात जरीच्या लखलखाटाने विमानं वाट चुकतात! एका गावची ऐट दुसऱ्या गावी अपशकुन कशी होते, कोण जाणे.

तेवढ्यात होणाऱ्या सासूबाई आल्या. सासूबाईंनी झगा चिमटीत धरून पाहिला.

"खिसे आहेत का गं याला?"

"आहेत," रेवा म्हणाली, आणि सासूबाईंनी साखरेचा पुडा सरळ त्या खिशात सरकवला.