रिताचं वजन उतरलं

तुमसरात एका दवाईच्या दुकानावर माडी आहे. त्या माडीवर माझ्या भाचीचा फोटो लागला आहे, माणसाएवढा मोठा. डाव्या बाजूले जाडी रिता, उजव्या बाजूले बारीक रिता, अन् मधात लाल बाण. खाली लिहिलं आहे, 'सिहोऱ्याची रिता करू शकते, तं तुम्ही काहून नाही?' येणारेजाणारे मान वर करून पाहातात. डाव्या फोटोत पोट्टी उभी आहे अन् उजव्या फोटोत खुर्चीवर बसली आहे, एवढं मात्र कोणाच्याच डोळ्याले दिसत नाही. मले दिसते. मी आता त्या रस्त्यानं जातच नाही.

मी मालनबाई, रिताची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी आली ते सिहोऱ्यातच राहिली, भाऊ सुखरामच्या घराच्या मागं. रिता माझ्याच मांडीवर वाढली. आडवा बांधा, भरलेले दंड, अन् पाय असे भक्कम का चिखलात एकदा रोवले तं कोणी हालवून दाखवावं. धान रोवण्याच्या दिवसांत बांधीत, म्हणजे पाणी तुंबलेल्या वावरात, तिच्या बरोबरीनं कोणी टिकत नव्हतं. आपली ओळ संपवायची, कंबर सरळ करून पाहायचं का मागं कोण राहिली, अन् हसत हसत तिच्या ओळीत घुसायचं. बाया म्हणत, "रिता बांधीत असली का उजेडातच घर दिसते." जेवणही तसंच. सकाळी पाण्यातला शिळा भात कांद्यासोबत, दुपारी भात, सांजेले भात. धानाच्या घरची पोट्टी भात नाही खाईल तं काय खाईल?

मंग दिवाळीनंतरची मंडई, आमची गावजत्रा, झाल्यावर पवनीहून पाहुणे आले रिताले पाहाले. मुलगा मंगेश, खताबियाण्याचं दुकान. आई उषाबाई सोबत. पोहे खाल्ले, चहा घेतला, पोरीवरून खालीवर नजर फिरवली, अन् निघताना अंगणात रत्नाले, म्हणजे रिताच्या मायले, म्हणाली, "पोरगी गुणाची आहे हो. पण आमच्या मंगेशजवळ उभी राहिली तं त्याची मोठी बहीण दिसेल. थोडं उतरवा, मंग पाहू."

रिता दाराच्या आडच उभी होती. त्या सांजेले तिनं ताट पुढं लोटलं.

मी तडकली. म्हटलं, "अवो रत्ना, पोरगी द्याची आहे का काट्यावर तोलून विकाची आहे?" रत्ना म्हणे, "बाई, तुम्ही नका बोलू. सव्वीस संपत आले तिचे." सुखराम खाटेवर बसून नुसता पायाचं बोट पाहात होता. माझ्या भावाले बांधीत केवढा आवाज, अन् घरात तोंडच नाही.

भुपेंद्र म्हणून एक पोट्टा आहे तुमसरचा. पहिले मोबाईलचे रिचार्ज मारे, मंग प्लॉट दाखवत फिरे, आता त्या माडीवर वजनकाटा ठेवून वेलनेस कोच झाला. रत्नानं रिताले तिथं नेलं. त्यानं रिताच्या हातात एक मशीन पकडवली, काही आकडे पाहिले, अन् म्हणाला, "ताई, तुमच्या शरीराचा दुश्मन एकच आहे, भात. भात बंद, पोळी बंद, आलू बंद, गूळ-साखर बंद. प्रोटीन खा, पोट भरून खा. शरीर आपली चरबी आपणच जाळते." सोबत पावडरचा डबा दिला. डबा संपला, अन् दुसरा आणणं काही सुखरामले झेपणारं नव्हतं. तेव्हा रत्नानं डोकं चालवलं. त्याले फोन लावला.

"दादा, दाळीत असते ना ते प्रोटीन?"

"भरपूर असते, ताई."

"आमच्या घरी लाखोरी आहे, घरचीच."

"अरे, मंग तं मजा आहे तुमची! जेवढी खाल तेवढी चांगली. अन् भिजवल्याचं पाणी फेकू नका बरं, सारं सत्त्व त्यातच उतरते."

हा काही परमुलखातून आलेला नव्हता. लाखोरीच्याच भागात जन्मला, लाखोरीचेच वडे खाऊन मोठा झाला. किती खाता, कशासोबत खाता, एका शब्दानं तरी त्यानं विचारावं का नाही? पण त्याले काय, डाळ म्हणजे डाळ.

आमच्याकडे धान कापाच्या आधी उभ्या पिकातच लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. ओलीवर आपोआप येते, घरोघरी पोतं असते. आम्ही जन्मभर खाल्ली. पण खाल्ली कशी? भाताच्या ढिगावर वाटीभर वरण, सणाले वडे, कधी पिठल्याचा घास. माझी माय लाखोरी रातभर भिजवे अन् सकाळी वरचं पाणी नालीत ओते. काहून ओतते ते तिलेही ठाऊक नव्हतं, तिच्या मायनं ओतलं म्हणून ती ओते. रत्नाही तसंच करत होती, त्या फोनच्या दिवसापर्यंत.

आता सकाळी ते पाणी, निंबू पिळून. दुपारी उकडलेली लाखोरी, गंजभर. सांजेले पिठल्याचा गोळा, सोबत ना भात ना भाकर. वजन तं उतरलं, खोटं कायले बोलू? झपाझप उतरलं. ब्लाउज ढिले झाले, गालफाडं दिसाले लागले. तोंडाले एक विचित्र वास येऊ लागला. कंगव्यात केसांचा गुंता निघे. पोट साफ होत नव्हतं, उभी राहिली का चक्कर. भुपेंद्र म्हणे, शरीर आतून सफाई करून राहिलं. अन् मोहल्ल्यातल्या बाया म्हणत, "अगं माय, रिता किती सुंदर दिसून राहिली!" एकजण तं रत्नाले विचारून लाखोरी भिजवाले लागली होती, पण तिच्या नवऱ्यानं गंज फेकून दिला म्हणून वाचली.

मी भाताची पेज निथळत असली का रिता चुलीजवळ येऊन उभी राहे. डोळे मिटून वाफ घेई अन् निघून जाई. एक दिवस मी ताट वाढून तिच्यापुढं केलं. म्हटलं, "बेटा, दोन घास घे ना, नुसतं मीठ टाकून." म्हणे, "आता नको, आत्या. थोडंच राहिलं."

होळीच्या सुमारास तिच्या पोटऱ्यांत गोळे याले लागले. मंग पाय जड. मंग सकाळी उठली का पाय लाकडासारखे ताठ, टाचा भुईले टेकेनात. एक दिवस बोडीच्या तळ्यावरून धुणं घेऊन येताना सपाट रस्त्यावर पडली. भुपेंद्रले फोन केला तं म्हणे, "चरबी वितळते तेव्हा होते असं. प्रोटीन वाढवा." अन् आमच्या लोकायनं वाढवलं! ज्याच्यानं पाय जाऊन राहिले होते तेच दोन वाट्या जास्त दिलं. त्याच दिवसांत तो मोबाईल घेऊन घरी आला फोटो काढाले. रिताले नीट उभं राहाता येईना. तं हा म्हणतो, "काही हरकत नाही, बसूनच घेऊ. बसून अजून बारीक दिसाल."

चालताना एक गुडघा दुसऱ्यावर घासाले लागला तेव्हा सुखराम जागा झाला. भंडाऱ्याले नेलं, तिथून नागपूरले धाडलं. डॉक्टर तरणाच होता. पडली होती का, ताप आला होता का, सारं विचारून झालं. शेवटी विचारलं, खाते काय? रत्ना मोठ्या कौतुकानं सांगाले लागली, भात कसा सोडला, पाणीसुद्धा कसं वाया जाऊ दिलं नाही. डॉक्टर लिहिता लिहिता थांबला.

म्हणाला, "वाटीभर लाखोरी भातासोबत खाणारे लाखो लोक ठणठणीत आहेत. हिनं भात सोडला अन् महिनोन्महिने तेच पोटभर खाल्लं, वरून ते पाणीही प्यायली. त्या दाण्यात एक विष असते. पायाच्या नसा कामातून गेल्या आहेत. आता बंद करा, म्हणजे याच्यापुढं बिघडणार नाही."

"अन् सुधरेल कधी?" रितानं विचारलं.

डॉक्टरनं मान हलवली. "व्यायामानं थोडं सैल होईल. पहिल्यासारखे पाय नाही येणार, बेटा."

घरी येऊन मी रत्नाले वाट्टेल ते बोलली. तिनं तोंडावर पदर घेतला अन् रडत राहिली. मले त्याचीही चीड आली. आणि एवढं होऊनही अक्कल आली म्हणाल तं नाही. कारण तेवढ्यात पवनीहून फोन आला. उषाबाई तुमसरले आली होती, माडीवरचा फोटो पाहिला होता तिनं. म्हणे, आता पोरगी शोभते आमच्या घराले, याच रविवारी येतो.

नवरा-बायकोनं ठरवलं, सांगाचं नाही. मी म्हटलं, "अरे सुखराम, लग्न झाल्यावर पोरगी काय हवेत तरंगून जाईल सासरी?" तो म्हणे, "बाई, एकदा अक्षता पडू दे, मंग पाहू." पाहुण्यायच्या आधीच रिताले खुर्चीत बसवलं. साडीच्या निऱ्या भुईपर्यंत सोडल्या. पोह्यांचा ट्रे रत्नानं नेला. उषाबाई खुश, हसून हसून बोलून राहिली. अन् मंग म्हणाली, "उठ बाई जरा, दोन पावलं चालून दाखव. आमच्यात पद्धत आहे."

रत्ना घाईघाईनं म्हणाली, "पाय मुरगळला तिचा काल."

रितानं मायकडं पाह्यलं. मंग भिंत धरून उठली. चवड्यावर, गुडघ्यावर गुडघा घासत, एक पाय दुसऱ्याच्या आडवा टाकत ती त्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली अन् वळून परत आली. मंगेश खाली पाहात होता. उषाबाईनं पर्स उचलली, दारात थांबली अन् म्हणाली, "अरे देवा! याच्यापेक्षा जाडीच बरी होती की हो."

मी तिच्या मागं अंगणापर्यंत धावली. "उतरवा म्हणणारी तूच ना वो? आता घेऊन जा ना उतरवलेली!" गाडी निघून गेली. अजूनही ते आठवलं का माझ्या मस्तकात आग होते.

यंदा रोवणं लागलं तेव्हा रिता बांधीत उतरली नाही. बांधीच्या काठी धुऱ्यावर बसून ती बायांच्या हातात पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या देत होती. मागं राहिलेल्या बाईची ओळ दिसली का तिचे हात थांबत. यंदा सांज पडल्यावरही बाया बांधीतच होत्या.

परवा दुपारी आम्ही दोघी अंगणात जेवाले बसलो होतो, तं एक पोट्टी फाटकाशी आली. गुड्डी नाव, बपेऱ्याची. एसटीनं एकटीच आली होती. गोल चेहरा, भरलेलं अंग, बांधीत राबणारे हात. लाजत लाजत म्हणाली, "रिताताईचं घर हेच का? मी तुमचा फोटो पाह्यला. मले पाहाले आलेले परत गेले ताई. तुम्ही काय खाल्लं, तेवढं सांगता का?"

माझ्या तोंडापर्यंत शिव्या आल्या. रितानं हात वर करून मले थांबवलं. ताट बाजूले ठेवलं, भिंत धरली.

"बस तिथं," ती गुड्डीले म्हणाली. "चालून दाखवते."

अन् ती चालली. अंगणाच्या या कडेपासून तुळशीपर्यंत अन् परत. मधात एकदा तोल गेला, मी उठाले लागली तं नजरेनंच मले खाली बसवलं. गुड्डीनं तोंडावर हात ठेवला होता, डोळ्यांतून पाणी वाहात होतं. रिता येऊन धपकन बसली, दम घेतला, अन् आपलं ताट परत पुढं ओढलं.

"आत्या," ती म्हणाली, "हिले भात वाढ."